प्लान लुंगच्या धुक्यात

मंगळवारी संध्याकाळी, दुकान बंद करायच्या बेतात उर्सिना असताना, नुओत चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून घ्यायला आला. ती तो इवलासा स्क्रू पिळत होती तेवढ्यात त्याने विचारलं, की ती त्याच्या घरी राहायला येईल का. म्हणजे कायमची. चष्मा तिच्या हातात होता, त्यामुळे त्याला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. तो मुहूर्त त्याने मुद्दाम साधला असणार, असं तिला नंतर वाटलं.

"घाई नाही," तो म्हणाला. "म्हणजे, आहे. लेक मागे लागलीय, मादलाइना. कूर शहरात तिच्याकडे राहायला येणार की नाही ते शनिवारी रात्री सांगायचंय तिला. मी हो म्हटलं की आमचं घर भाड्याने जाणार, झुरिकचं एक कुटुंब दोनदा बघून गेलंय. तेव्हा शनिवारपर्यंत काय ते सांग. नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी चालवून घेईन."

उर्सिनाने चष्मा पुसला, त्याच्या नाकावर बसवला, कानामागे काड्या नीट केल्या आणि म्हणाली, "आता हलणार नाही."

तो बिचारा ते उत्तर काडीबद्दल आहे की आणखी कशाबद्दल, याचा विचार करत बर्फातून घरी गेला. आणि उर्सिनाने चार दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली.

तिला नुओत आवडत नव्हता असं मुळीच नाही. चोपन्न वर्षांच्या बाईला आपल्याला कोण आवडतं हे कळायला वेळ लागत नाही, कबूल करायला लागतो. नुओत शाळेपासूनचा मित्र. त्याच्या बायकोला, बार्ब्लाला, जाऊन तीन हिवाळे झाले होते. गायी त्याने शेजाऱ्याला देऊन टाकल्या होत्या आणि त्या भल्यामोठ्या दगडी घरात तो आता एकटाच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत असे. उर्सिनाला त्याची काळजी वाटे, त्याच्या विनोदांवर हसू येई, आणि तो दुकानाच्या काचेसमोरून जाताना दिसला की उगाचच हातातलं काम खाली ठेवावंसं वाटे. अडचण वेगळीच होती, आणि ती शनिवारी डोंगरावर जाताना गाडीत तिच्या शेजारीच आडवी पडलेली होती. ती म्हणजे तिची बर्फावर घसरायची फळी.

दर मार्चमध्ये एक दिवस ही चौघं मिळून डोंगरावर जात. उर्सिना, नुओत, मेंजा आणि मेंजाचा नवरा कुर्दीन. तिघं स्कीवाले, पायात दोन-दोन पट्ट्या आणि हातात दोन-दोन काठ्या. चौथी उर्सिना, दोन्ही पाय एकाच फळीला बांधून आडवी उभी राहणारी, हात मोकळे. तरुणपणी ही फळी पहिल्यांदा खोऱ्यात आली तेव्हा उर्सिनाने हट्टाने ती घेतली होती. डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांवरची माणसं तेव्हा फळीवाल्यांना वरसुद्धा नेत नसत. पुढे सगळ्या खोऱ्याला सवय झाली. मेंजाला मात्र झाली नाही.

"इस्त्रीची फळी आणलीस का गं?" गाडीत बसता बसता मेंजाने दरवर्षीचा प्रश्न विचारला. "कुर्दीनचे दोन सदरे घेऊन येणार होते."

"आण की. तुझं तोंडही त्याच फळीवर चेपून देते."

कुर्दीन गाडी चालवत होता. हिवाळाभर तो रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो, आणि पहाटेपासून एकटंच बसायची सवय असल्याने बोलायची त्याला फारशी गरज पडत नाही. त्या आठवड्यात तो बायकोशी एकच मोठं वाक्य बोलला होता: नुओतने उर्सिनाला विचारलंय. म्हणजे बुधवारी सकाळपर्यंत मेंजाला सगळं ठाऊक होतं, आणि मेंजा बेकरीत काम करत असल्याने दुपारपर्यंत गावालाही. आता गाडीत ती पुढच्या सीटवरून मान वळवून वळवून मागे बघत होती. मागे नुओत आणि उर्सिना, मध्ये फळी, आणि दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघण्यात दंग.

खाली दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. गाडी वळणं घेत वर चढत गेली, खिडक्या राखाडी झाल्या, मग पांढऱ्या, आणि मग एका वळणावर सगळं एकदम निळं आणि लख्ख झालं. उर्सिनाने डोळे मिटून घेतले. पापण्यांच्या आत केशरी उजेड पसरला, आणि क्षणभर आज शनिवार असल्याचा तिला विसर पडला.

वर नेणारी जुनी ओढदांडी दोघादोघांना खेचते. लोखंडी दोरीला लोंबकळणारी उलटी दांडी येते, ती दोघांनी पार्श्वभागाखाली घ्यायची आणि जमिनीवरूनच घसरत वर जायचं. दोन स्कीवाले असले तर गप्पा मारत जातात. एक फळीवाला असला की तो आडवा उभा राहतो, दांडी कलते, फळी शेजारच्याच्या स्कीवर चढते, आणि अर्ध्या वाटेत दोघंही बर्फात लोळतात. म्हणून फळीवालीबरोबर जायला कोणी राजी नसतं, आणि म्हणून इतकी वर्षं उर्सिनाबरोबर नुओत जात आला होता. आज मात्र तो शहाणा माणूस कुर्दीनला ओढत पुढे निघून गेला. तिच्यावर दडपण नको म्हणून. आणि उर्सिना सापडली मेंजाच्या तावडीत.

"मग?" दांडी हलताक्षणी मेंजा म्हणाली.

"मग काय?"

"ताकास तूर लागू देत नाहीयेस तू. मला तरी सांग. कोणाला नाही सांगणार मी."

"तू? अगं, तुला सांगायचं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगितल्यासारखं."

"बरं, नको सांगू. पण एक लक्षात ठेव. तो कूरला गेला तर आपण तिघं उरणार. तिघांतले दोघं मी आणि हा. हा बोलत नाही. म्हणजे तुला आयुष्यभर माझंच ऐकावं लागेल."

उर्सिना हसली, फळी मेंजाच्या स्कीवर चढली, दांडी निसटली आणि दोघी आडव्या झाल्या. मागून येणाऱ्या दोघी पोरींनी अगदी नम्रपणे वळसा घातला. बर्फात पाठीवर पडल्या पडल्या मेंजा आकाशाकडे बघत म्हणाली, "बघ. तुझ्यामुळे माणूस कुठे पोचत नाही."

ती थट्टेत म्हणाली, पण ते उर्सिनाच्या काळजात नेमकं जाऊन बसलं. कारण तिची भीती हीच होती.

फळीची एक खोड आहे. उतारावर तिच्यासारखं सुख नाही, पण सपाटीवर ती मेल्यासारखी पडते. स्कीवाला काठ्या मारत, पाय फाकवत सपाटीवरून जातो. फळीवाल्याचे दोन्ही पाय बांधलेले, हात रिकामे. त्याला एक तर पट्टे सोडून गुडघाभर बर्फातून चालावं लागतं, नाहीतर कोणीतरी काठी पुढे करावी लागते. या चौघांत तशी रीतच पडली होती. सपाटी आली की जवळ असेल तो मागे काठी धरतो, उर्सिना तिचं टोक पकडते आणि ओढली जाते. तीस हिवाळे ती ओढली गेली होती. तीस हिवाळे लोक तिच्यासाठी थांबले होते, हात चोळत, पाय आपटत, प्रेमाने. आणि प्रत्येक वेळी ती "आभार" म्हणाली होती.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मात्र तिच्यासाठी कोणी थांबलेलं नसे. तिथे ती हवी तेव्हा उठे, हवं तेव्हा जेवे, खिडकीशी उभी राहून चहा थंड होईपर्यंत बाहेर बघत बसे. नुओतच्या घरी गेलं की ती रोज त्या सपाटीवर असणार, असं तिला वाटत होतं. दुसऱ्याचं घर, दुसरीने मांडलेला संसार. कुठला डबा कुठे, कुठला दिवा कुठून लागतो, सगळं विचारायचं. तो काठी पुढे करणार, आपण ती धरून मागून घसरत जायचं, आणि मरेपर्यंत आभार मानायचे.

डोंगर मात्र त्या दिवशी कोणाच्या चिंतेची पर्वा करत नव्हता. रात्री ताजा बर्फ पडला होता, कोरडा, हलका. उर्सिना पहिल्या उतारावर सुटली आणि तिच्या खालून आवाजच नाहीसा झाला. फक्त एक मऊ सुस्कारा, डावीकडे वळताना एक, उजवीकडे वळताना एक. बर्फाचा धुरळा उडून चेहऱ्यावर येई आणि लागताक्षणी विरघळून जाई. हवेत बारीक बारीक कण चमकत होते, वरून पडत नव्हते, खालून उडत नव्हते, नुसते तिथे होते. पुढे तिघांच्या आकृत्या कधी दिसत, कधी चढामागे बुडत. एकदा तिला वाटलं, आपण वळत नाही आहोत, डोंगरच आपल्याखाली हळूहळू कूस बदलतोय. किती वेळ असं चाललं ते तिला कळलं नाही. किती फेऱ्या झाल्या तेही नाही.

दुपारी त्या झोपडीवजा उपाहारगृहात जवाचं सूप आलं. खिडकीतून येणारं ऊन टेबलावर पडलं होतं, सगळ्यांच्या ओल्या मोज्यांना वाफ येत होती, आणि चौघंही पेंगुळली होती. नुओत पाव मोडून सूपमध्ये टाकत होता. चष्म्याची काडी खरंच हलत नव्हती.

"मी म्हणते," मेंजा सुरू झाली, "माणसाने वेळेवर..."

टेबलाखाली काहीतरी झालं असावं, कारण ती "आई गं!" म्हणून थांबली आणि कुर्दीनकडे रागाने बघू लागली. कुर्दीन शांतपणे सूप पीत होता.

"खा, गरम आहे तोवर," नुओत म्हणाला. मग उर्सिनाकडे न बघता त्याने अक्रोडाच्या केकचा स्वतःचा तुकडा मोडला आणि मोठा भाग तिच्या बशीत सरकवला. तिला इतकं भरून आलं की तिने तो तुकडा एका घासात तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

परतीची वाट प्लान लुंगवरून जाते. नावाप्रमाणेच ते लांबलचक सपाट आहे, थोडा उतार असलेलं, पण फळीला पुरेसा नाही. त्याच्या अलीकडे डोंगराचा एक खांदा आहे, तिथून चांगला तीव्र उतार खाली जातो. फळीवाल्यासाठी नियम एकच: त्या खांद्यावरून सुटायचं, वेग घ्यायचा, आणि काही झालं तरी सपाट संपेपर्यंत थांबायचं नाही. हा नियम उर्सिनाला झोपेत विचारला तरी सांगता आला असता. आणि दरवर्षी ती त्या खांद्याखालीच थांबे, कारण तिथून सगळं खोरं दिसतं.

आज तिने मनाशी पक्कं केलं होतं. थांबायचं नाही. एकटीने, कोणाच्या काठीशिवाय सपाट पार करायचं. आणि ते जमलं, तर पलीकडे पोचल्यावर नुओतला सांगायचं, नाही. निदान मग ते 'नाही' स्वतःच्या पायांवर उभं राहून म्हटलेलं असेल.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी येते."

मेंजा आणि कुर्दीन गेले. नुओत म्हणाला, "मी मागून येतो, सवयीने," आणि जरा वर जाऊन उभा राहिला.

उर्सिना सुटली. वारा कानांत भरला, डोळ्यांत पाणी आलं, वेग वाढत गेला आणि तिला खात्री वाटली की आज जमणार. तेवढ्यात डावीकडे खाली, वर चढत आलेल्या धुक्यावर तिला स्वतःची सावली दिसली. सूर्य पाठीशी होता. सावली प्रचंड होती, दरीवर पसरलेली, आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं एक पूर्ण गोल कडं होतं, तांबडं, हिरवं, जांभळं.

तिने फळी आडवी केली. झालं. थांबली.

बर्फ करकरला आणि धुक्यावर दुसरी सावली पहिलीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"कडं दिसतंय?" तिने विचारलं.

"दिसतंय. माझ्या डोक्याभोवती."

"तुझ्या कुठे? माझ्या."

"तुला तुझ्याभोवती दिसतं, मला माझ्याभोवती. तसंच असतं ते. दुसऱ्याचं दिसत नाही."

"म्हणजे तुला मी अशीच दिसतेय? साधी?"

"एकदम साधी," नुओत म्हणाला. "टोपी वाकडी झालीय."

दोघं बघत राहिली. मग धुकं उठलं, सावल्या पुसल्या गेल्या आणि बघता बघता खोरं, उतार, कडेने रोवलेले केशरी खांब, सगळं नाहीसं झालं. चोहीकडे सारखंच पांढरं. वर कुठे संपतं आणि खाली कुठे सुरू होतं, काही कळेना. या खोऱ्यातली माणसं अंधाराला भीत नाहीत, पण या पांढऱ्याला भितात. अंधारात निदान खाली जमीन आहे हे तरी ठाऊक असतं.

"चल," नुओत म्हणाला, आणि त्याची काठी मागे आली.

उर्सिनाने काठीकडे बघितलं. मग ती धरली. दुसरा उपाय नव्हता. ती घसरू लागली. पुढे नुओतची पाठ, तांबडी टोपी, तीही फिकट होत चाललेली. पायांखालून बर्फाचा भुगा वाऱ्याबरोबर सरसर मागे पळत होता. आवाज नव्हता, गार वाटत नव्हतं. आपण जागे आहोत की गाडीतच डोळे मिटून बसलो आहोत, याचीही तिला खात्री राहिली नाही. आणि पाठीशी बोलणं तोंडाशी बोलण्यापेक्षा सोपं असतं, हे तिला तेव्हा कळलं.

"नुओत."

"हं."

"मला भीती वाटते."

"मी आहे ना पुढे. चुकणार नाही."

"धुक्याची नाही रे. तुझ्या घराची."

काठी हातात होती तशीच होती.

"तिथे सगळं बार्ब्लाचं आहे," उर्सिना म्हणाली. "मला ती आवडायची, तुला माहितीय. पण मी तिथे काय करायचं? प्रत्येक गोष्ट तुला विचारत बसायची? आणि मादलाइना. ती माझ्याकडे अशी बघते, की जणू मी चमचे चोरायला आलेय."

"ती सगळ्यांकडेच तशी बघते. माझ्याकडेही. तिचा चेहराच तसा आहे, माझ्या आईवर गेलाय."

"हसू नकोस."

"हसत नाहीये. चेहरा दिसत नाही म्हणून तुला वाटतंय." मग तो म्हणाला, "मला पण भीती वाटते. सांगू कशाची? कूरच्या बाल्कनीची. मादलाइनाच्या घराला एक बाल्कनी आहे. तिथे उभं राहिलं की समोरची बाल्कनी दिसते. त्या बाल्कनीत एक म्हातारा उभा असतो आणि तो माझ्याकडे बघत असतो. पोरगी प्रेमाने बोलावतेय, खोली रंगवलीय तिने. आणि मला रात्री स्वप्न पडतं की आम्ही दोघं म्हातारे नुसते एकमेकांकडे बघतोय."

उर्सिनाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

"मला तुझ्याकडून स्वयंपाक नकोय," नुओत पुढे बोलू लागला. "घर आवरायला नकोय. मला ते घर मोठं होतं, बस. संध्याकाळी काही बघितलं, कोल्हा म्हण, चांदणं म्हण, तर ते सांगायला कोणी नाही. मी भिंतीला सांगतो. भिंत बरी आहे, पण पुढे काही विचारत नाही."

"मी फार थांबते रे," ती म्हणाली. "जिथे तिथे. काहीतरी बघते आणि थांबते. तुला नेहमी माझी वाट बघावी लागेल. मला नाही आवडत कोणी माझी वाट बघितलेली. तीस वर्षं तुम्ही मला ओढताय, मला लाज वाटते. रोज कसं जमेल मला? आत्तासुद्धा बघ. जरा हळू घे ना. तू असा ओढत असलास की मला विचारच करता येत नाही."

"मी कुठे ओढतोय?" नुओत म्हणाला. "उतार आहे. मला वाटलं मागून तूच ढकलतेयस."

"मी? कशाने?"

"मग आपण एवढ्या वेगाने..."

"कुठे निघालाय वेगाने?" धुक्यातून, अगदी हाताच्या अंतरावरून, मेंजाचा आवाज आला. "जागचे हलला नाहीत तुम्ही! केव्हाचे आमच्यासमोर खांबासारखे उभे आहात!"

उर्सिनाने खाली बघितलं. बर्फाचा भुगा सरसर मागे पळत होता. पण तो वाऱ्याने पळत होता. फळी स्थिर होती. फळीच्या पुढे नुओतच्या स्की, त्याही स्थिर, त्यांच्यावर पांढरा थरही बसला होता. तिने हात लांब केला तेव्हा हाताला नुसता वारा लागला, वेग नाही. या पांढऱ्यात माणसाला असं होतं, हे खोऱ्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं: थांबलेला माणूस समजतो आपण चाललोय, चाललेला समजतो थांबलोय. पोरांना होतं तेव्हा ही दोघं त्यांना हसत. सपाटाच्या शेवटाशी ती दोघं कधीच येऊन थांबली होती, दोघांनाही वाटत होतं की दुसरं नेतंय, आणि काठी त्यांच्यामध्ये नुसतीच लोंबत होती.

"केव्हापासून?" नुओतने विचारलं.

"बार्ब्लाचं नाव निघालं त्याच्या आधीपासून," मेंजा म्हणाली. धुकं जरा पातळ झालं आणि ती दिसली, तिच्या तोंडाशी कुर्दीनचा जाडजूड हातमोजा, तो ती दोन्ही हातांनी बाजूला ओढत होती. "याने माझं तोंड दाबून धरलं होतं! मी गुदमरले! चावले तरी सोडेना!"

"त्यांचं चाललं होतं," कुर्दीन म्हणाला.

म्हणजे सगळं ऐकलं होतं. चमचे, बाल्कनी, भिंत, लाज, सगळं. उर्सिनाचा चेहरा टोपीपर्यंत तापला. तिला क्षणभर वाटलं, पट्टे सोडावेत आणि बर्फातून तडक घर गाठावं. पण पायांखालचा भुगा पळतच होता आणि ती जागच्या जागी उभी होती, आणि ते तिला अतिशय विचित्र आणि अतिशय बरं वाटत होतं. तिने मनातलं सगळं बोलून टाकलं होतं. त्या सगळ्या वेळात तिला कोणी ओढत नव्हतं, कोणी तिच्यासाठी थांबलंही नव्हतं. दोघंच होती, थांबलेली, आणि दोघांनाही वाटत होतं की मजेत चाललंय. असं जर चालत असेल, तर ते तिला चाललं असतं. अगदी रोज चाललं असतं.

"तुझा फोन दे," ती नुओतला म्हणाली.

"माझा? कशाला?"

"दे रे."

त्याने हातमोजा दाताने ओढून काढला, आतल्या खिशातून फोन काढला आणि दिला. तिने मादलाइनाचं नाव शोधलं आणि बटण दाबलं. नुओत तोंड उघडं टाकून बघत राहिला. मेंजाचं तोंडही उघडं होतं, आणि आता त्यावर कोणाचा हात नसूनही त्यातून आवाज येत नव्हता.

"बाबा?" पलीकडून आवाज आला. "इतक्या लवकर? रात्री करणार होतात ना? सगळं ठीक आहे ना?"

"मी उर्सिना बोलतेय. बाबा ठीक आहेत, माझ्यासमोर उभे आहेत. मादलाइना, ऐक. ते कूरला येत नाहीयेत."

पलीकडून सावधपणे, "त्यांनी सांगायला लावलं तुम्हाला?"

"नाही. त्यांना आत्ताच कळतंय. तू रंगवलेली खोली... त्याचं मला वाईट वाटतं. पण झुरिकच्या लोकांना नाही म्हणून कळवून टाक. मी जातेय तिथे राहायला, त्या घरात." तिने टोपी कानावरून वर सरकवली. "तुझी हरकत असेल तर आत्ता बोल. मला ऐकायचंय. मी मुकाट्याने घुसणार नाही."

नुओतने गॉगल वर सरकवला होता आणि उघड्या डोळ्यांनी तो तिच्याकडे बघत होता, गालांवर ओलं होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. कुर्दीन आपल्या स्कीच्या टोकांकडे बघत उभा होता. वारा थांबला, पायांखालचा भुगा हळूच खाली बसला.

"उर्सिना मावशी," शेवटी मादलाइना म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "स्वयंपाकघराचं दार थंडीत फुगतं. बाबा खांद्याने ढकलतात, त्यांना अजून नीट येत नाही. खालच्या कोपऱ्यात लाथ मारायची. आई तशीच मारायची."

उर्सिनाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"किती जोरात?" तिने विचारलं.

"जोरात," मादलाइना रडत म्हणाली. "अगदी जोरात मारा."